आवक दिसते, जावक कोण पाहतो?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी का लिहावे, असा प्रश्न काहींना पडेल. पण टर्बोचार्जरचे तेल हा विषय जितका यंत्राचा, तितकाच हिशेबाचाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज आमच्या बुऱ्हाणपुरात भाड्याने फिरणाऱ्या साध्या डिझेल मोटारीतही टर्बो असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेलाची आवक खंडली की बेअरिंग घासलेच म्हणून समजा.

आवकीची काळजी सगळेच घेतात. जावकीचे काय? तेल आत येते ते पंपाच्या दाबाने, बारीक नळीतून. बाहेर जाते ते मात्र केवळ उताराने. बेअरिंगमधून निघताना त्याचा दाब संपलेला असतो आणि हवा मिसळून फेस झालेला असतो. म्हणून परतीची नळी जाड हवी, न वाकता खाली उतरणारी हवी आणि इंजिनात तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी.

बुऱ्हाणपूरकरांना हे नवे वाटू नये. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून, पंपाशिवाय शहरात आणले. कन्नड विभागातील मित्रांना बीदरजवळच्या नौबादचा करेझ ठाऊक असेल; त्याचेही तत्त्व हेच. वाटेत गाळ साचला की पाणी थांबते. तेलाचेही तसेच.

परतीच्या नळीत जळकट साचले, जोडाला फासलेला सिलिकॉन आत आला, ब्रीदर तुंबून इंजिनातला दाब वाढला किंवा तेल खुणेच्या फार वर भरले, तर जावक अडते. तुंबलेले तेल सील ओलांडते आणि निळा धूर निघतो. लगेच ‘टर्बो गेला’ असा निकाल लागतो. नवा बसवतात, आणि पुन्हा तोच धूर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

हा खर्च कुणाच्या नावे पडतो? कर्ज काढून गाडी घेतलेल्या आणि तिच्याच भाड्यातून हप्ते फेडणाऱ्या माणसाच्या. गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

गॅरेजवाले म्हणतात, गिऱ्हाइकालाच घाई असते, नळी तपासण्याची मजुरी कोण देतो? यात तथ्य आहे. मालकाकडेही दोष जातो. असीरगडचा चढ चढून आल्यावर ढाब्यावर थांबताच चावी फिरवायची आपल्याला सवय. इंजिन बंद होताच तेलाची आवक थांबते, टर्बो मात्र तापलेलाच असतो. आतले तेल करपते आणि तोच कोळसा पुढे वाट अडवतो. एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवले तर हे टळते. काही नव्या गाड्यांत टर्बो पाण्यानेही थंड करतात; त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : टर्बो बदलल्याचे बिल देताना दोन्ही नळ्या व ब्रीदर तपासले का, आणि त्यांत काय आढळले, हे त्यावर लिहून देण्याची प्रथा पडावी. मालकाने ते मागावे आणि त्याची मजुरी खुशीने द्यावी. जमेचे पान भरून खर्चाचे पान कोरे ठेवणाऱ्या मुनिमाला आपण दुकानात ठेवणार नाही. मग मोटारीच्या बाबतीतच एका पानावर समाधान का मानावे?