आणलेल्या स्पर्धा आणि उरलेले मैदान

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, हिंगोली

विषय : मोठ्या क्रीडास्पर्धा राज्यात आणण्यासाठी होणाऱ्या सरकारी खर्चाबाबत मागण्या

महोदय,

आम्ही गोरेगाव (ता. सेनगाव) परिसरातले खेळाडू, क्रीडाशिक्षक, पालक आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली मुले-मुली. मोठ्या स्पर्धा राज्यात येऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. सामने आम्हीही बघतो, रात्र जागून बघतो. पण त्या आणण्यासाठी तिजोरी उघडते तेव्हा मोटारसायकलच्या पेट्रोलवर आम्ही भरलेला करही त्यातच असतो. म्हणून हा हिशेब मागत आहोत.

आधी टेनिसचे बघू. चेन्नईत होणारी एटीपी स्पर्धा २०१८ साली पुण्याला आली. राज्य सरकारने पाठबळ दिले, स्पर्धेच्या नावात ‘महाराष्ट्र’ आले. पुण्याच्या बालेवाडीत ती पाच वेळा झाली, २०२३ ची शेवटची. पुढच्या वर्षी वेळापत्रकातली ती जागा हाँगकाँगकडे गेली. चेन्नईची आपल्याकडे आली, आपल्याकडची हाँगकाँगला गेली. यात कोणी कोणाला फसवले असे नाही. अशा स्पर्धांचे हक्क असेच फिरतात. बालेवाडीचे संकुल मात्र जागेवर आहे. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१९ च्या खेलो इंडिया स्पर्धा तिथेच झाल्या. म्हणजे स्पर्धेच्या हक्कावर घातलेला पैसा हक्काबरोबर निघून जातो, मैदानात घातलेला तीस वर्षांनंतरही कामी येतो. हा फरक शासनाच्या कोणत्याच जाहिरातीत दिसत नाही.

करार होतो तेव्हा त्यात काय लिहिले आहे, हे लोकांना नंतर कळते, किंवा कळतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद घेतले, खर्चाचा अंदाज फुगलेला पाहून जुलै २०२३ मध्ये हात वर केले आणि त्या न भरवण्यापोटी ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मोजली. आपल्याकडे दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा खर्च कॅगच्या अहवालात १८,५३२ कोटी रुपये आला, तोही खेळ संपून गेल्यावर. आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी देशाने इच्छापत्र दिले आहे. शेजारच्या राज्याची धामधूम पाहून आपल्याकडेही चढाओढ लागणार. म्हणून आमची पहिली मागणी : राज्याचा पैसा, जमीन, करसवलत किंवा पोलीस बळ ज्या स्पर्धेला द्यायचे, तिचा करार सहीआधी विधिमंडळात मांडावा आणि संकेतस्थळावर मराठीत टाकावा. त्यात स्पर्धा रद्द झाली तर कोणी किती भरायचे, हेही असावे. स्पर्धेनंतर सहा महिन्यांत खरा खर्च जाहीर व्हावा. ‘अर्थव्यवस्थेला अमुक कोटींची चालना’ असले आकडे आयोजकाने नेमलेल्या सल्लागाराचे असतील, तर ते हिशेबात धरू नयेत.

दुसरी मागणी पोलीस बंदोबस्ताची. जून २०२३ मध्ये शासनाने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क कमी केले, आणि ते २०११ पासून मागे जाऊन लागू केले. प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढले होते. वर्तमानपत्रांतून ते राज्यभर वाचले गेले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत, एवढीच नोंद करतो. प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि तिकिटांतून कमाई करणाऱ्या आयोजकाकडून बंदोबस्ताचा पूर्ण खर्च आगाऊ घ्यावा. मागच्या तारखेने सवलत कोणालाही देऊ नये.

जानेवारी २०२६ च्या ‘पुणे ग्रँड टूर’ या सायकल शर्यतीबद्दल मात्र आमचे मत थोडे वेगळे आहे. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातले रस्ते नव्याने करण्यात आले. परदेशी सायकलपटू येणार म्हटल्यावर जे खड्डे बुजले, ते एरवी का बुजत नव्हते, हा पुणेकरांचा प्रश्न रास्तच आहे. तरी खर्च झालाच असेल तर तो असा व्हावा : शर्यत गेली, डांबर राहिले. आमची हरकत एवढीच की हे राहिलेलेही पुन्हा पुण्यातच राहते.

मराठवाड्याने खेळाडू दिले नाहीत असे नाही. स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकलेला अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. तो घडला सैन्यात. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे; प्रियंका मूळची बीड जिल्ह्यातली. क्रीडा विद्यापीठ आधी औरंगाबादला म्हणून ठरले आणि २०२० मध्ये बालेवाडीला गेले. त्यावर तेव्हा बोलून झाले आहे, इथे फक्त आठवण.

म्हणून तिसरी मागणी, आणि आमच्या दृष्टीने हीच मुख्य : स्पर्धा आणण्यावर राज्य जेवढे खर्च करील, त्यातल्या दर शंभर रुपयांमागे पंचवीस रुपये त्याच आर्थिक वर्षात तालुक्यांच्या आणि मोठ्या गावांच्या मैदानांसाठी वेगळे काढावेत, पहिला हक्क मराठवाडा आणि विदर्भाचा. तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर नेली, ते चांगलेच झाले. पण नुसत्या भिंती बांधून संकुल चालत नाही. कुलूप उघडणारा शिपाई, गवत काढणारा माणूस आणि शिकवणारा प्रशिक्षक यांचे मानधन कुठून येणार, याची तरतूद याच पैशातून करावी.

गोरेगावपुरते मागणे साधे आहे. भरतीची पोरे पहाटे अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर १६०० मीटर पळतात. मुलींचे ८०० मीटरही तिथेच. एखादा ट्रॅक्टर बिनदिव्याचा आला की जीव मुठीत. आम्हाला सिंथेटिक ट्रॅक नको. मुरूम टाकून रोलर फिरवलेला चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक, गोळाफेकीची जागा, चार दिवे, पाणी, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह, एवढे द्यावे.

शेवटची मागणी. शासन स्वतःच्या पैशाने भाई नेरूरकर चषक खो-खो, खाशाबा जाधव चषक कुस्ती आणि छत्रपती शिवाजी महाराज चषक कबड्डी स्पर्धा भरवते. यातली एक हिंगोली जिल्ह्याला द्यावी. हिंगोलीच्या दसऱ्यातल्या कुस्त्यांना गर्दी कशी लोटते ते जिल्हा प्रशासनाला ठाऊक आहे. प्रेक्षक आणायला जाहिरात लागणार नाही. हॉटेले कमी आहेत हे मान्य. संघ वसतिगृहांत आणि मंगल कार्यालयांत उतरतील, जेवण गावे करतील.

तारखा ठरवताना एक बघावे. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते आणि फेब्रुवारीनंतर हळदीची. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा बरा.

या पत्राचे लेखी उत्तर मिळावे. ते ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल.

आपले,
गोरेगाव परिसरातील खेळाडू, क्रीडाशिक्षक व पालक