घंटा वाजली नाही तरी

निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाच्या कानात एक घंटा आयुष्यभर वाजत राहते. पहाटे उठण्याची घंटा, वंदनेची घंटा, जेवणाची घंटा, रात्रीच्या अभ्यासाची घंटा. त्या घंटेवर आम्ही उठलो, अंथरुणाच्या घड्या घातल्या, वंदनेला रांगेने बसलो, आपले ताट आपण घासून ठेवले. वर्षानुवर्षे हे करता करता शिस्त आमच्या अंगी मुरली आहे, अशी आमची समजूत झाली. मग दिवाळीची सुट्टी लागे. गावी गेल्यावर चौथ्या दिवशी अंथरूण दुपारपर्यंत तसेच पडलेले असे, ताट आई किंवा बहीण उचलत असे आणि दप्तराला हात लागे तो सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री. पुढे शाळा सुटली, नोकरी आणि संसार सुरू झाला, तेव्हा तर हे अधिकच ठळकपणे दिसून आले. ती सवय आमची नव्हतीच. ती घंटेची होती.

स्मरणिकेत बहुधा गौरवाच्या गोष्टी लिहिल्या जातात. त्या लिहाव्यातच. परंतु आम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या मनातील ही कबुलीही एकदा नोंदवली जावी, असे आम्हांस वाटते. कारण शाळेने आम्हांला जे दिले त्याचे खरे मोल आम्ही कोणत्या पदावर पोहोचलो यावरून ठरत नाही. घंटा वाजायची थांबल्यानंतर आमचा दिवस कसा जातो, यावरून ते ठरते.

दिवस सुधारायचा म्हटले की आपण मोठे संकल्प करतो. पहाटे चारला उठायचे, तासभर ध्यान करायचे, महिन्याला चार ग्रंथ वाचायचे. जयंतीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भारलेल्या वातावरणात केलेला असा संकल्प पंधरवडाभर टिकतो, आणि तो मोडला की ‘आपल्याच्याने काही होत नाही’ एवढा एकच धडा मागे ठेवून जातो. आमचे मत याच्या उलट आहे. दिवस घडतो तो लहान सवयींनी. इतक्या लहान, की त्या सांगताना संकोच वाटावा.

याविषयी पाली वाङ्मयात एक सुंदर प्रसंग आहे. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा येते. राजा द्रोणभर भात जेवत असे. एकदा असाच तुडुंब जेवून तो धापा टाकीत भगवान बुद्धांपाशी येऊन बसला. भगवान त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्याला उपवासही सांगितला नाही. जेवणातील मात्रा ओळखणाऱ्याला काय लाभते, एवढे सांगणारी एक छोटी गाथा त्यांनी म्हटली. राजाच्या पाठीमागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा शिकून घेण्यास आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले. त्यासाठी रोज शंभर कार्षापण देण्याचेही ठरवले. राजाचे जेवण हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आले. पुढे एके दिवशी हलक्या झालेल्या आपल्या अंगावरून हात फिरवीत त्याने भगवंतांविषयी कृतज्ञता व्यक्त केली.

या लहानशा कथेत सवयीचे सारे शास्त्र आहे. पहिली गोष्ट अशी की, नवी सवय जुन्या, रोज घडणाऱ्या क्षणाला बांधलेली आहे. गाथा ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणायची नव्हती, ती जेवणाच्याच वेळी म्हणायची होती. दुसरी गोष्ट, बदल हळूहळू झाला. आणि तिसरी, राजासारख्या राजालाही आपल्या एकट्याच्या निश्चयावर भरवसा ठेवता आला नाही. आठवण करून देणारे एक माणूस त्याने जवळ ठेवले. आम्हांला घंटा होती, पसेनदीला सुदस्सन होता. फरक एवढाच की, सुदस्सनला राजाने स्वतः नेमले होते.

आधुनिक संशोधनही फार वेगळे सांगत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक साधी कृती निवडून ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायची होती. ती आपसूक होऊ लागण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागले. मात्र हा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलणारा निघाला. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे सर्रास सांगितले जाणारे वाक्य अनेकांना विनाकारण निराश करणारे आहे. याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते: मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारशी बाधा येत नाही. एक दिवस मोडला म्हणून सारे मोडले असे मानणारा माणूसच खरा थांबतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सवयींच्या या गोष्टी ज्यांच्याजवळ वेळ आणि जागा आहे त्यांच्यासाठी ठीक आहेत, असे कोणी म्हणेल. ऊसतोडीसाठी वर्षातले काही महिने फडावर काढणाऱ्या आईबापांना किंवा दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांचा संसार करणाऱ्या कुटुंबाला ‘रोज शांतपणे वाचा’ हे सांगणे म्हणजे त्यांच्या परिस्थितीचा दोष त्यांच्याच माथी मारणे नव्हे काय? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. चांगल्या सवयीने शिष्यवृत्तीचे थकलेले पैसे मिळत नाहीत, गावात अभ्यासिका उभी राहत नाही. त्यांसाठी मागणी करावी लागते, संघटित व्हावे लागते. सवयीचा उपदेश हा हक्काच्या मागणीचा पर्याय म्हणून कोणी पुढे करत असेल, तर त्याला आपण ठाम नकार दिला पाहिजे.

परंतु याच प्रश्नाचे दुसरे टोक आपल्या इतिहासातच आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत बाबासाहेबांचे विद्यार्थीदशेतील दिवस गेले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सर्वांची झोप, तिथेच अभ्यास. सुभेदार रामजींनी यावर काढलेला मार्ग आपल्याला ठाऊक आहे. मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः त्या जागी पाठ टेकावी. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच त्यांच्या नित्य वाचनाने केळुसकर गुरुजींचे लक्ष वेधून घेतले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाल्यावर याच गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीचे मोल आपण जाणतोच.

आपण या प्रसंगात बाबासाहेबांची जिद्द पाहतो, आणि ती पाहिलीच पाहिजे. मात्र आज पालकांनी रामजींकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे. मुलाच्या अभ्यासाच्या सवयीसाठी त्या पित्याने आपली झोप दिली. जागा नव्हती म्हणून त्यांनी वेळेची वाटणी केली. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन खोल्या आहेत, दिवा आहे, पंखा आहे. तरी मुलांना अभ्यासाची शांत वेळ मिळत नाही, कारण दूरदर्शन संच आणि मोबाईल कोणी बंद करायचा याचा निर्णय होत नाही. हाती मोबाईल घेऊन ‘पुस्तक घेऊन बस’ असे सांगणाऱ्या आईवडिलांचे शब्द मुले ऐकत नाहीत. ती त्यांचा हात पाहतात. घरातील मोठ्यांनी रात्री जेवणानंतर अर्धा तास मोबाईल फळीवर ठेवला, तर त्यासाठी खर्च काहीच येणार नाही. त्या अर्ध्या तासात अक्षरओळख नसलेल्या आईने मुलीला नुसते ‘आज काय शिकलीस, मला सांग’ म्हटले तरी ती मुलगी दिवसाचा धडा पुन्हा एकदा मनात उजळेल.

आणखी एक सवय आम्ही सुचवू इच्छितो. मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे भगवान त्याला विचारतात, आणि मग सांगतात की कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर ती स्वतःला किंवा दुसऱ्याला दुखावणारी तर नाही ना, हे पाहावे. बोलण्याचे आणि विचाराचेही तसेच. झोपण्यापूर्वी दोन मिनिटे दिवसभराचे आपले बोलणे आठवून पाहणे ही या उपदेशाची घरगुती आवृत्ती होय. ज्याला काही चुकले असे वाटेल त्याने सकाळी त्या माणसाला ‘काल माझे चुकले’ म्हणावे. पंचशील आपण मुखाने रोज घेतो. ते दिवसात उतरते की नाही, हे त्या दोन मिनिटांत कळते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही थोडेच मागतो. विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत घरी एकच गोष्ट पाळावी: जेवण झाले की आपले ताट आपण घासावे, मुलग्यांनी तर आवर्जून. पालकांनी घरात अर्ध्या तासाची शांतता द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेतील आपल्या सवयींपैकी कोणतीही एक पुन्हा हाती घ्यावी आणि जुन्या सोबत्यांपैकी एकाला आपला सुदस्सन नेमावे. आठवड्यातून एकदा त्याने फोन करून एवढेच विचारावे की, चालू आहे ना?

पुढच्या मेळाव्यात आपण भेटू तेव्हा ‘हल्ली कुठे असतोस, काय करतोस?’ हे तर एकमेकांना विचारूच. त्याबरोबर ‘काय टिकवलेस?’ हेही विचारू या. उत्तर लहान असेल. अंथरुणाची घडी, पुस्तकाची चार पाने, वेळेवर मागितलेली एक क्षमा. शाळेने घंटा वाजवण्याचे आपले काम केले. आता ती वाजली नाही तरी उठायचे, हे काम आपले आहे.