दलदल म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे!



परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना विचारलं, "दलदल म्हणजे काय?" उत्तरं पटापट आली. घाण, मच्छर, पाय फसते, काहीच पिकत नाही. एकाने तर फळ्यावर लिहिलं, 'वाया गेलेली जागा'. तुमच्या वर्गातही बहुधा हेच ऐकायला मिळेल. मुलांचा दोष नाही. आपण मोठी माणसं जे बोलतो, तेच ती सांगतात.

मग मी त्यांना आपल्याच राज्यातल्या एका दलदलीची माहिती सांगितली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे नावाचं गाव आहे. तिथे जंगली जायफळाच्या कुळातल्या झाडांचं दलदलीतलं जंगल आहे. इंग्रजीत त्याला मायरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. क्षेत्र किती? फक्त २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आतच. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याचं वावर असतं तेवढं! तरी २०२१ मध्ये राज्य शासनाने त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला.

एवढ्याशा जागेत असं काय आहे? पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. म्हणून या झाडांची मुळं जमिनीतून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा मातीत जातात. वर आलेल्या भागातून झाड श्वास घेतं. मुलांना गुडघा वाकवून दाखवायला सांगा, हा मुद्दा ती विसरणार नाहीत. या झाडांच्या बियांवर लाल जायपत्री असते. धनेश पक्षी ही फळं खातो आणि बिया दूर नेऊन टाकतो. केरळातल्या अशाच दलदलींत राहणाऱ्या एका झाडबेडकाची तर शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये नव्याने नोंद केली. त्याची मादी पावसाळ्याआधी खाली उतरून ओल्या मातीत अंडी घालते. चिखल नसेल तर हा बेडूकही राहणार नाही.

बांबर्ड्याची ही राई सरकारी कागदाच्या आधी गावाने राखली. लोक तिला 'कान्हळाची राई' म्हणतात. देवाची जागा म्हणून तिथे कुऱ्हाड चालली नाही. पण केवळ झाडं न तोडल्याने दलदल वाचत नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा. वरून येणारा ओहोळ वळवला, तर एकही झाड न तोडता जंगल वाळतं. केरळ-कर्नाटकात अशा कितीतरी दलदली भातशेती आणि सुपारीच्या बागांसाठी गेल्या. पाटी लावली, कुंपण घातलं आणि पाण्याची वाट मात्र अडवली, तर त्या संरक्षणाचा उपयोग काय?

हे सगळं ऐकल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मंग मॅडम, आपल्या शाळेमांगचं डबकं काहून बुजवलं?"

मी गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी शाळेमागच्या सखल जागेत मुरूम टाकावा, असं बैठकीत मीच सुचवलं होतं. मच्छरांची काळजी खरी होती. पण पावसाळ्यात तिथे बेडूक ओरडायचे, बगळे उतरायचे, हे मी रोज पाहत होते. साचलेलं सांडपाणी वेगळं आणि पावसाचं मुरणारं पाणी वेगळं, हा फरक मी तेव्हा केलाच नाही. मुलांपुढे चूक कबूल केली. तुम्हालाही सांगते.

तुम्ही म्हणाल, कोकणातली दलदल आणि आपला कोरडा वऱ्हाड यांचा काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. बार्शीटाकळी तालुक्यातच महानचं काटेपूर्णा धरण आहे, त्याच्या भोवती ७३.६९ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. तिथला चौशिंगा आणि भेकर उन्हाळ्यात पाण्याच्या आसऱ्यावरच जगतात. अकोल्याच्या नळालाही त्याच धरणाचं पाणी येतं. आपल्याकडे ओली जागा मुळातच कमी, म्हणून तर ती जास्त जपायची.

शिक्षकांनी एवढं करून पाहावं:

१) पहिल्या पावसानंतर मुलांना शाळेजवळचा नाला किंवा ओलसर जागा दाखवा. काय-काय जिवंत दिसलं, त्याची यादी मुलांनीच करावी.

२) ते पाणी कुठून आलं आणि कुठे जातं, याचा साधा नकाशा काढून घ्या.

३) ती जागा पूर्वी कशी होती, हे मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारावं.

पालकांना एकच विनंती. पोरगं चिखलात पाय भरवून घरी आलं, तर आधी पाय धुवा आणि मग रागावण्याआधी विचारा, "काय पाह्यलं रे तिथं?"

आम्ही यंदा शाळेमागच्या मुरुमाचा एक कोपरा मोकळा करणार आहोत. छताचं पाणी तिकडे वळवायचं ठरलं आहे. बेडूक परत येतात का, हे मुलंच वहीत लिहितील.