प्रयोग : रंगमंचावरचा आणि प्रयोगशाळेतला

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द नाटकाच्या सादरीकरणाला लागतो आणि शास्त्रज्ञाच्या परीक्षणालाही. या श्लेषाचा आधार घेऊन, मानसशास्त्रातील प्रयोग हेही एक नाट्यच असते आणि म्हणून त्यातील बनाव नाटकातील बनावाइतकाच निर्दोष मानला पाहिजे, असे प्रतिपादन मध्यंतरी एका चर्चासत्रात ऐकावयास मिळाले. उदाहरण होते स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनविषयक प्रयोगांचे. निबंधाचे कौतुक झाले. आक्षेप कोणी घेतला नाही. प्रस्तुत लेखकही त्या वेळी गप्प राहिला. साहित्याच्या अभ्यासकांच्या मेळाव्यात नाटकाविषयीची इतकी ढोबळ चूक बिनविरोध खपून जावी, ही गोष्ट मात्र तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे.

प्रथम वस्तुस्थिती. १९६१-६२ मध्ये येल विद्यापीठात हे प्रयोग झाले. न्यू हेवन परिसरातील नागरिकांना स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी म्हणून साडेचार डॉलर देऊन बोलाविण्यात आले. चिठ्ठ्या टाकून एकाने ‘शिक्षक’ व दुसऱ्याने ‘विद्यार्थी’ व्हावयाचे; पण दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ असेच लिहिलेले असे, कारण ‘विद्यार्थी’ हा संशोधकाचाच साथीदार होता. प्रत्येक चुकीच्या उत्तराला शिक्षकाने विजेचा धक्का द्यावयाचा आणि तो पंधरा-पंधरा व्होल्टांनी वाढवीत ४५० पर्यंत न्यावयाचा. विद्यार्थ्याला धक्के बसत नव्हते; हे शिक्षकाला ठाऊक नव्हते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधानुसार ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. घाम फुटलेल्या, थरथरणाऱ्या, अनावर हसू लागलेल्या माणसांची वर्णने त्याच निबंधात आहेत. तिघांना तर झटके आले.

प्रयोगात सहभागी होणाऱ्याचा विश्वास आणि त्याची प्रतिष्ठा यांची ही हानी आहे, असा आक्षेप डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञेने १९६४ मध्येच घेतला. पुढे कवी आणि डॉक्टर असलेल्या डॅनी ॲब्सी यांनी या विषयाच्या निमित्ताने ‘द डॉग्ज ऑफ पाव्हलॉव्ह’ हे नाटक लिहिले आणि १९७३ च्या त्याच्या ग्रंथरूपात मिलग्रॅम यांच्यावर फसवणुकीचा स्पष्ट आरोप केला. त्याच पुस्तकात मिलग्रॅम यांचे उत्तर आहे, आणि रंगभूमीचा दाखला मुळात तेथला आहे. आभासातून सत्य प्रकट करणे हे नाटककारही करतो, मग त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, असा त्यांचा आशय. आमच्या चर्चासत्रातील निबंध या उत्तराची उजळणी होता.

हा दाखला कोठे चुकतो, हे सांगण्यास मानसशास्त्राची गरज नाही; आपले काव्यशास्त्र पुरेसे आहे. श्रीशंकुकाने नाट्यप्रतीती ही सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रतीतींहून वेगळी मानली आणि त्यासाठी चित्रातील घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणणारा माणूस भ्रमात नसतो. येलच्या त्या खोलीतील ‘शिक्षक’ भ्रमातच होता. त्याची प्रतीती निखळ मिथ्या होती, आणि ती तशी राहावी यावरच सगळी मांडणी उभी होती. अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या विघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न गणले आहे. नाटकात जे विघ्न, तेच येथे उद्दिष्ट होते. कोलरिजने १८१७ साली अविश्वास बाजूला ठेवण्याची गोष्ट केली तेव्हाही त्याने ती स्वेच्छेची म्हटली होती. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा तो अशी संमती देत असतो. मिलग्रॅम यांच्या ‘शिक्षका’ला नाटक चालू असल्याचेच ठाऊक नव्हते, त्याला न विचारता पात्र करण्यात आले होते.

यावर मिलग्रॅम यांचे म्हणणे असे की सहभागी झालेल्यांनी नंतर हे सारे मान्य केले. प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांनी समाधान व्यक्त केले, हे खरे आहे. पण आपण एका माणसाला अखेरपर्यंत धक्के देत गेलो हे ज्याला कळले, त्याच्यापुढे पर्याय कोणते उरतात? आपली मानहानी व्यर्थ गेली असे म्हणावयाचे, किंवा ती शास्त्राच्या कामी आली असे मानावयाचे. दुसरा पर्याय निवडणे ही संमती नव्हे, सावरणे आहे. शिवाय जीना पेरी यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात दाखविले आहे की अनेकांना पूर्ण सत्य त्या दिवशी सांगितले गेलेच नव्हते.

नीतीचा हा प्रश्न पद्धतीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. १९७४ मध्ये मिलग्रॅम यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार, विद्यार्थ्याला वेदनादायक धक्के बसत आहेत यावर पूर्ण विश्वास असल्याचे सांगणारे सुमारे ५६ टक्के होते. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना यातना झाल्या. ज्यांना संशय आला त्यांचे वर्तन कशाचा पुरावा मानावयाचे हे सांगता येत नाही. बनाव जितका यशस्वी तितका अपराध मोठा, आणि जितका फसला तितके ज्ञान संशयास्पद, असा हा पेच आहे.

मिलग्रॅम यांचा प्रश्न क्षुल्लक होता असे येथे सुचवावयाचे नाही. नाझी संहारानंतर, आणि आइखमनवरील खटला चालला त्याच १९६१ साली, तो विचारला जाणे स्वाभाविक होते. त्यांनी परिस्थिती बदलून अनेक प्रयोग केले. त्यांपैकी एकात दोन सहशिक्षकांनी (हेही साथीदारच) काम थांबविल्यावर ४० पैकी फक्त चौघे अखेरपर्यंत गेले. आमचे समीक्षक मात्र माणसातील क्रौर्य ‘सिद्ध’ करण्यासाठी ६५ टक्क्यांचा आकडा तेवढा उचलतात आणि कादंबरीतील पात्रांना लावतात. नकार पाहून नकार देण्याचे बळ येते, हा निष्कर्ष त्यांच्या लेखनात क्वचितच भेटतो.

दुसऱ्या ज्ञानशाखेतून आधार घेण्यास कोणाचीच हरकत नसावी. पण घेताना त्या आधाराची पद्धत तपासली पाहिजे, आणि तो कोणाच्या यातनांवर उभा आहे हेही विचारले पाहिजे. निदान आपल्याच शास्त्रातील नाट्याची संकल्पना कोणी फसवणुकीच्या समर्थनासाठी उसनी नेत असेल, तर प्रेक्षकाची जाण आणि त्याची संमती यांवाचून नाट्य संभवत नाही, एवढे त्याला सांगणे हे आपले काम आहे. ते त्या दिवशी कोणी केले नाही.