दहा दिवस, पण कोणत्या तारखेपासून?

कोरोनाची साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु त्या काळातील एक हिशेब आमच्या वस्त्यांमध्ये अजून मिटलेला नाही. तो आहे दिवसांचा हिशेब. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या माणसाने घरात किती दिवस बसायचे, एवढा साधा प्रश्न. पण त्याचे उत्तर दोन वर्षांत इतक्या वेळा बदलले की नवरा एक आकडा सांगे, बायको दुसरा, मुकादम तिसरा आणि वॉर्डातून येणाऱ्या आरोग्यसेविका ताई चौथा. गंमत म्हणजे यातला प्रत्येक आकडा कधी ना कधी बरोबर होता!

आम्ही पेशाने कारकून. हजेरीपट, खाडे आणि रजेचे अर्ज यांतच आमचे आयुष्य चालले आहे. त्यामुळे साथीच्या दिवसांत वस्तीतील लोक कागद घेऊन आमच्याकडे येत, "दादा, आमचे दिवस मोजून द्या." दिवस मोजणे ही वरवर किरकोळ गोष्ट. पण रोजावर जगणाऱ्या कुटुंबासाठी दिवसाचा अर्थ मजुरी असा होतो. चार दिवस जास्त मोजले की चार दिवसांची चूल थंड आणि चार दिवस कमी मोजले की घरातल्या म्हातारीला धोका. म्हणून हा हिशेब तारखांनिशी मांडून ठेवावा, असे आम्हांस वाटले.

महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. त्यानंतर परदेशातून आलेल्यांच्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्के मारण्यास सुरुवात झाली व त्यांना १४ दिवस घरी बसवले. लोकांच्या मनात १४ हा आकडा तेव्हापासून बसला. जे पॉझिटिव्ह निघत त्यांना मात्र इस्पितळात ठेवत आणि लागोपाठच्या दोन चाचण्या निगेटिव्ह आल्याशिवाय सोडत नसत. २७ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सौम्य रुग्णांना घरीच राहण्याची मुभा दिली. ८ मे रोजी इस्पितळातून सोडण्याचा नियम बदलला. सौम्य रुग्ण असेल, तीन दिवस ताप नसेल, तर १० दिवसांनी घरी पाठवा, चाचणी नको, पण घरी आणखी ७ दिवस वेगळे राहा. लगेच १० मे रोजी घरी असलेल्यांसाठी १७ दिवस ठरले. २ जुलै २०२० रोजी पुन्हा बदल झाला. घरी १० दिवस आणि त्यापुढे ७ दिवस घरीच राहून प्रकृतीवर लक्ष ठेवण्याचा सल्ला. २८ एप्रिल २०२१ च्या नियमात १० दिवस राहिले, शेपटीचे ७ गेले. ५ जानेवारी २०२२ रोजी १० चे ७ झाले.

आता सांगा, ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही आणि मोबाईलवर कोणीतरी पुढे ढकललेला जुना निरोप येतो, त्या घराने कोणता आकडा धरायचा?

गोंधळात भर घातली शब्दांनी. सरकारी कागदात दोन शब्द होते, विलगीकरण आणि अलगीकरण. ज्याला रोग झाला आहे त्याला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. जो रोग्याच्या संपर्कात आला, पण ज्याला रोग झाला की नाही हे ठाऊक नाही, त्याला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. कानाला दोन्ही सारखेच. लोकांनी दोहोंना मिळून 'क्वारंटाइन' म्हटले आणि प्रश्न मिटवला. प्रत्यक्षात तिथेच घोळ झाला. वस्तीतल्या एका मावशीने आम्हांला विचारलेला प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाने ऐकावा असा होता. त्या म्हणाल्या, "ज्याला रोग झाला तो दहा दिवसांत मोकळा आणि आम्हांला काही झाले नाही तर आम्ही चौदा दिवस कोंडलेले? हा कुठला न्याय?"

न्याय नाही असे वाटते खरे, पण त्यात कारण आहे. रोग्याचे घड्याळ रोग दिसल्यापासून सुरू होते. सौम्य आजारात लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून माणूस रोग पसरवू शकतो आणि पुढे साधारण दहा दिवसांत ती शक्ती संपत येते. संपर्कातल्या माणसाचे घड्याळ मात्र वाट पाहण्याचे असते. विषाणू अंगात शिरला असेल तर लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांत दिसत, पण कधी कधी चौदा दिवसही लागत. म्हणून त्याला चौदा. एक मोजणी रोग संपण्याची, दुसरी रोग उगवतो की काय हे पाहण्याची. एवढे दोन वाक्यांत कोणी समजावून सांगितले असते तर मावशींना राग आला नसता. परंतु त्यांच्या दारावर फक्त आकडा आला, कारण आले नाही.

याहून अवघड प्रश्न पहिल्या दिवसाचा. कारकुनी उदाहरण घेऊ. समजा एका कामगाराला जून २०२१ च्या १ तारखेला ताप आला. ३ तारखेला त्याच्या नाकातील नमुना घेतला आणि ५ तारखेला अहवाल हातात पडला. दहा दिवस कधी संपतात? तापापासून मोजले तर ११ तारखेला, नमुन्यापासून १३ ला आणि अहवालापासून १५ ला. त्या वेळचा नियम स्पष्ट होता. लक्षणे असतील तर लक्षणे सुरू झाल्यापासून मोजावे आणि लक्षणेच नसतील तर नमुना दिल्यापासून. अहवालाच्या तारखेचा त्यात संबंधच नव्हता. पण माणसाला पॉझिटिव्ह हा शब्द कळतो तो अहवालाच्या दिवशी. म्हणून बहुतेक जण ५ तारखेपासून मोजत आणि चार रोज फुकट घालवीत. पुढे जानेवारी २०२२ मध्ये नियम झाला तो पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस आणि लागोपाठ तीन दिवस ताप नसावा, असा. म्हणजे आकडा तर बदललाच, मोजणीची सुरुवातही बदलली.

मग नियम बदलणे चूक होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. रोग नवा होता. आरंभी कोणाला काहीच माहीत नव्हते, म्हणून दोन निगेटिव्ह चाचण्यांचा आग्रह होता. पुढे कळले की आरटी-पीसीआर चाचणीला मेलेल्या विषाणूचे अवशेषही सापडतात. माणूस बरा होऊन कामाला लागण्याजोगा झाला तरी कित्येक आठवडे अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून चाचणी सोडून दिवस मोजायला सुरुवात झाली. ओमायक्रॉन आला तोवर बहुसंख्य प्रौढांचे लसीकरण झाले होते आणि आजार बहुतेकांना सौम्य होत होता. म्हणून दिवस आणखी घटले. हे आपल्याकडेच घडले असेही नाही. इंग्लंडमध्ये ३० जुलै २०२० रोजी ७ चे १० दिवस झाले, डिसेंबर २०२१ मध्ये चाचणीच्या अटीवर १० चे पुन्हा ७, १७ जानेवारी २०२२ पासून ५ आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी कायद्याची सक्तीच उठली. अमेरिकेने २७ डिसेंबर २०२१ रोजी १० चे ५ केले. ज्ञान वाढले की नियम बदलावा, हे शहाणपणाचेच आहे. आमची तक्रार वेगळी आहे. नियम बदलल्याची बातमी ज्याच्यासाठी नियम आहे त्याच्यापर्यंत पोचली नाही. आणि ज्याच्या हातात हजेरीपट होता त्याने ती पोचू दिली नाही.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो निगेटिव्ह रिपोर्टच्या मागणीने. मे २०२० पासून सौम्य रुग्णाला पुन्हा चाचणीची गरज नव्हती. तरीही ठेकेदार, सोसायट्या आणि घरकाम देणाऱ्या बाया म्हणत, "निगेटिव्हचा कागद आण, मग पाय ठेव." सुरुवातीला खासगी प्रयोगशाळेत या चाचणीचे ४,५०० रुपये पडत. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये दर २,२०० वर आणला आणि ३१ मार्च २०२१ रोजी ५०० वर. ज्या कागदाची नियमाला गरजच नव्हती त्यासाठी आमच्या आया-बहिणींनी उसनवारी केली. त्यातून मेलेल्या विषाणूमुळे अहवाल पुन्हा पॉझिटिव्ह आला की पुन्हा घरी, पुन्हा बिनपगारी! केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ७ जून २०२१ रोजी आदेश निघाला आणि स्वतः पॉझिटिव्ह असल्यास २० दिवसांपर्यंत रजेची सोय झाली. ती योग्यच होती. पण ठेक्यावर झाडू मारणाऱ्या माणसाला २० दिवस कोणी दिले? नियम एक, रोग एक, मात्र रजा दोन प्रकारच्या.

दुसरी गोष्ट घराची. घरी राहण्याच्या मुभेला अट होती. रुग्णासाठी वेगळी खोली हवी, बाकीच्यांना वेगळे राहता येईल अशी सोय हवी आणि काळजी घेणारा माणूस चोवीस तास हवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, नळ सामाईक, संडास गल्लीच्या टोकाला, तिथे वेगळी खोली आणायची कोठून? धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडल्यावर महापालिकेने ही गोष्ट ओळखली आणि शाळा व क्रीडासंकुले ताब्यात घेऊन माणसांना तिथे ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी १० जुलै २०२० रोजी धारावीचा उल्लेख चांगले उदाहरण म्हणून केला, तो याच कामामुळे. २५ मे २०२१ रोजी राज्य शासनाने रुग्णांचे प्रमाण जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत घरी राहण्याची मुभा बंद करून रुग्णांना कोविड केंद्रात पाठवण्याचे ठरवले. काल घरी राहा आणि आज केंद्रात चला, यात लोक पुन्हा गोंधळले. पण ज्याच्या घरी खोली नाही त्याला जेवणासह जागा देणे हीच खरी सोय होती, हे आमचे मत आहे.

आणि तिसरी गोष्ट दारावरच्या कागदाची. अनेक ठिकाणी रुग्णाच्या घरावर कागद चिकटवले गेले. दिवस संपले तरी कागद निघेना आणि कागद निघाला तरी नजर निघेना. दुकानदार पैसे लांबून टाकायला सांगे. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. वेगळे ठेवणे आणि वाळीत टाकणे यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळणार? सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर २०२० मध्ये हा प्रश्न आला तेव्हा अशा कागदामुळे शेजारी रुग्णाला अस्पृश्यासारखे वागवतात, असे न्यायालयानेही बोलून दाखवले. सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील आदेश असल्याशिवाय असे कागद लावू नयेत, असे न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले. ही बातमी किती वस्त्यांत पोचली?

आज हातावर शिक्का मारायला कोणी येत नाही. पण रोग गेलेला नाही. २०२५ च्या मे-जूनमध्येही महाराष्ट्रात रुग्ण वाढले होते. उद्या वेगळ्या नावाची साथ येईल आणि तेव्हाही नियम बदलतील. यास्तव वाचक बंधू-भगिनींनी काही गोष्टी आजच ध्यानात ठेवाव्यात.

१) आजार सुरू झाला त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा. नमुन्याची आणि अहवालाची तारीख वेगवेगळी लिहा. मोजणी कुठून, हे नंतर ठरवता येते, तारीख मात्र नंतर आठवत नाही.

२) कोणी नियम सांगितला की दोन प्रश्न विचारा. हा नियम कोणत्या तारखेचा? दिवस कशापासून मोजायचे? तारीख नसलेला निरोप पुढे पाठवू नका.

३) केसपेपर, अहवाल, डॉक्टरांचा दाखला एका पिशवीत जपून ठेवा. रजेचा अर्ज तोंडी देऊ नका. लेखी द्या आणि पोच घ्या. मुकादम पोच देत नसेल तर दोन सहकाऱ्यांसमोर द्या.

४) पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता, वर्षातून कमाल ९१ दिवस मिळू शकतो. त्यासाठी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते आजारपणातच घ्या.

५) ताप असेपर्यंत घरी थांबा, खोकला असेल तर तोंडावर मास्क ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांपासून व आजारी मुलांपासून दूर झोपा. आकडा कोणताही असो, हे बदलत नाही.

आणि वस्तीतील मंडळांना, महिला मंडळांना आमचे सांगणे आहे. साथीत फलकावर अभिनंदनाचे बॅनर लावण्याऐवजी एक कागद लावा. त्यावर आजची तारीख, आजचा नियम आणि त्याचे कारण सोप्या मराठीत लिहा. नियम बदलला की जुना कागद फाडा, नवा लावा. दहावी झालेली कोणतीही मुलगी हे काम करील. सोबत आणखी एक जबाबदारी घ्या. ज्याला घरी बसवले त्याच्या दारात दोन वेळचा डबा आणि पाण्याची घागर पोचली पाहिजे. भुकेला माणूस दहा दिवस काय, दोन दिवसही घरात बसू शकत नाही. पोट भरलेले असेल आणि कारण समजलेले असेल, तर आपला माणूस नियम मोडत नाही, हे आम्ही त्या दोन वर्षांत वस्तीत पाहिले आहे.