मौसोलसची समाधी आणि आमच्या शेतातली छत्री

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन येत्या दिवाळीत वर्ष होईल. शेतात विहिरीशेजारी त्यांच्या नावाने संगमरवरी छत्री बांधायची, असं धाकट्या भाऊजींनी ठरवलंय. चार खांब, वर कळस, आत अर्धपुतळा. खर्चाचा कागदही तयार आहे. मला पटत नव्हतं, पण सुनेने बोलायचं कसं, म्हणून गप्प होते. जूनमध्ये लेकीबरोबर तुर्कस्तानला गेले, बोद्रुमला जाऊन आले, आणि आता गप्प बसवत नाही.

बोद्रुम म्हणजे जुनं हालिकार्नासस. इराणी सम्राटाचा सुभेदार, पण थाट राजाचा, असा मौसोलस इथे इ.स.पू. 353 मध्ये वारला. त्याची राणी आर्टेमिसिया ही त्याची सख्खी बहीणही होती. (हे वाचून मी पुस्तिका मिटली आणि पुन्हा उघडली.) तिने समाधीसाठी ग्रीसचे नामांकित शिल्पकार लावले. साधारण 45 मीटर उंची, 36 खांब, त्यावर 24 पायऱ्यांचा पिरॅमिड, माथ्यावर चार घोड्यांचा रथ. जगातल्या सात आश्चर्यांत तिची गणना झाली. राणी मात्र दोनच वर्षांत गेली, काम तिच्या मागे पुरं झालं.

आणि आज? पाया खणून झाल्यावर पैसे संपलेलं घर असतं ना, तसा एक मोठा खड्डा. भोवती खांबांचे तुकडे पडलेले. भूकंपांनी ती पडली. मग ख्रिस्ती सरदारांनी तिचे दगड उचलून समुद्राकाठच्या किल्ल्यात बसवले, संगमरवर भाजून त्याचा चुना केला. उरलेल्या मूर्ती 19व्या शतकात लंडनला गेल्या. मी तो किल्लाही पाहिला. भिंतीतला कुठला दगड राजाचा, हे माझ्यासारखीला कळायचं कसं?

पण मला खरं लागलं ते दुसरंच. थडग्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी उत्खननात हाडं सापडली. बैल, वासरं, मेंढ्या, कोकरं, कोंबड्या, कबुतरं, शिवाय अंडी. राजाला दिलेली शिदोरी! तिथे उभी राहून मी णमोकार म्हटला. राजासाठी नव्हे.

राणीबद्दल सगळीकडे एकच गोष्ट सांगतात, की तिने नवऱ्याची राख पेयात कालवून प्यायली. तिने राज्य सांभाळलं, रोड्सचं आरमार हरवलं असं एक रोमन लेखक लिहून गेलाय, ते कोण सांगतं? बाई रडली की लक्षात राहते.

माझं म्हणणं सरळ आहे. छत्री नको. अण्णा गावातल्या मुलींच्या फीचे पैसे गुपचूप भरायचे; आम्हालाही ते गेल्यावर कळलं. छत्रीच्या पैशांत दोन मुलींचं नर्सिंग पुरं होईल. नाव द्यायचंच तर तिथे द्या, न दिलं तरी अण्णांना चाललं असतं. शिवाय छत्रीत कबुतरं बसणार, आणि ती झाडायला कोण जाणार हे मी सांगायला हवं का?

भाऊजींचं दुःख खोटं नाही. शेवटचा महिनाभर दवाखान्यात अण्णांच्या उशाशी तेच होते. काही केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, हे मला दिसतं. म्हणूनच हे त्यांच्याशी भांडून होणार नाही.

परत आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. जनावरांचं ऐकताना त्यांनी डोळे मिटले. राखेची गोष्ट ऐकून विचारलं, "तिला पोरंबाळं नव्हती का गं?"

"नव्हती. पुढे गादी भावाकडे गेली."

"मग करणार काय बिचारी," म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. बऱ्याच वेळाने, वर न बघता: "विहिरीपाशी ह्यांनी लावलेला शेवगा आहे. धाकट्याला सांग, तो तोडायचा नाही."