टकळी आणि बूटलोडर

"पुन्हा कॉम्प्युटरचं पुराण!" म्हणून खिडकी बंद करणाऱ्या नातेवाईक मंडळींनी जरा थांबावं. यात गांधीजी आहेत.

बोर्डाला वीज मिळाली की बूटलोडर मेमरी जागी करतो, खरी सिस्टीम तिथे आणून ठेवतो आणि कारभार तिच्या हाती देतो. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत मुलांना विचारलं, तुमची आरटीईएमएसची इमेज कुठल्या पत्त्यावर उतरते? उत्तर आलं, "सर, कार्डात सेटिंग आहे." कार्ड सरांनी दिलेलं. एलईडी लुकलुकला, मार्क मिळाले. याला मी शिक्षण म्हणायला तयार नाही.

अहो, त्या सेटिंगमध्येच तर सगळं आहे! यू-बूटच्या 'बूटसीएमडी'त सांगायचं असतं, फाइल कुठून घे, कुठे ठेव, कशी सुरू कर. बीगलबोन ब्लॅकची मेमरी हेक्समधल्या ८००००००० या पत्त्यापासून सुरू होते. नुसती बायनरी ज्या पत्त्यासाठी लिंक केली, तिथेच ठेवावी लागते. चुकीचा पत्ता दिलात तरी 'गो' आज्ञाधारकपणे उडी मारतो, आणि पडद्यावर शुकशुकाट. 'बूटएल्फ' पत्ते फाइलमधूनच वाचतो, पण मग मूळ फाइल उतरवायला वेगळी जागा हवी. वॉचडॉग चालू राहिला आणि नव्या सिस्टीमने त्याची दखल घेतली नाही, की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू. मुलं म्हणतात, बोर्ड खराब आहे!

उद्या हीच मुलं गिरणीतल्या मोटरचा कंट्रोलर बनवणार. वीज जाऊन आल्यावर तो किती वेळात जागा होतो, हे कोण सांगणार? 'बूटडिले'त उगाच ठेवलेले सेकंदसुद्धा त्यात मोजावे लागतात.

"अभ्यासक्रमात वेळ नाही" हे नेहमीचं रडगाणं. दोन दुपारी आणि एक सिरियल केबल लागते. यू-बूट फुकट आहे, सोर्ससकट.

आता गांधीजी. ऑक्टोबर १९३७मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हाताने काम करत शिकायचं, या त्यांच्या कल्पनेवर तिथे चर्चा झाली, आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. तीच नई तालीम. टकळीवर सूत काततानाच कापूस, गणित, इतिहास शिकायचा. आणि आम्ही मुलांच्या हाती आयतं सूत देऊन म्हणतो, कातायला शिकवलं!

पुढच्या प्रॅक्टिकलला कार्ड रिकामं द्या. इमेज, केबल आणि यू-बूटचा प्रॉम्प्ट पुरे. सरांनी मागच्या बाकावर बसावं.